सिंदखेडची लेक, राजगडावरची आजी

जिजाबाईंचा जन्म १२ जानेवारी १५९८ रोजी बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा येथे झाला आणि १७ जून १६७४ रोजी रायगडाच्या पायथ्याशी, पाचाडला त्यांनी देह ठेवला. मधल्या शहात्तर वर्षांची वाटणी महाराष्ट्राने केव्हाच करून टाकली आहे: लखुजी जाधवांची लेक, शहाजीराजांची पत्नी, शिवाजीराजांची आई. या तिन्ही नात्यांवर ग्रंथ आहेत, चित्रे आहेत, पोवाडे आहेत. चौथे नाते आजीचे. ते सहसा एका ओळीत उरकले जाते. सईबाई गेल्या आणि शंभूराजांना आजीने वाढवले, एवढे सांगून चरित्रकार पुढच्या लढाईकडे वळतो. वास्तविक जिजाबाईंच्या हाती सर्वांत जास्त अधिकार होता आणि समकालीन नोंदींत त्या सर्वांत स्पष्ट दिसतात, ती वर्षे या चौथ्या नात्याची आहेत. त्यांचे कर्तृत्व केवळ बाळ शिवबाला गोष्टी सांगण्यात शोधायचे म्हणजे भक्कम पुरावा बाजूला सारून दंतकथेवर विसंबणे होय.

सार्वजनिक आठवणींचा कल मात्र ठरलेला आहे. मुंबईतली राणीची बाग आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणून ओळखली जाते. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीनिमित्त सुरू झालेली तंत्रसंस्था १९९७ पासून वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट झाली. पुतळ्यांत त्यांच्याजवळ बहुधा सात-आठ वर्षांचा शिवबा उभा असतो. त्याच वयाचा शंभू त्यांच्याजवळ उभा केलेला क्वचितच पाहायला मिळतो. आईपण वीराला जन्म देते म्हणून ते वीरपण ठरते. आजीपणाला असे बिरुद चिकटत नाही. आजी म्हणजे निवृत्ती, माळ, देवघर आणि नातवंडे, अशी आपली समजूत असते. जिजाबाईंच्या बाबतीत देवघर आणि नातवंडे दोन्ही होती. निवृत्ती तेवढी कधी आली नाही.

सिंदखेडला लखुजीराजांच्या वाड्याचा दगडी दरवाजा अजून भारदस्तपणे उभा आहे. आत गेल्यावर जोती, तळघरे आणि जिजाबाईंचे जन्मस्थान म्हणून दाखवली जाणारी जागा लागते. गावात रंगमहाल आहे, मोती तलाव आणि चांदणी तलाव आहेत, नीळकंठेश्वराचे जुने देऊळ आहे आणि लखुजीराजांची प्रशस्त चौकोनी समाधी आहे. २०२४ साली या समाधीच्या परिसरात पुरातत्त्व खात्याच्या कामात एका शिवमंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती जमिनीखालून वर आली. रंगपंचमीच्या दिवशी लहानग्या जिजाने शहाजीवर रंग उडवला आणि लखुजी थट्टेत सोयरीक बोलून गेले, ही कथा इथेच घडली असे सांगतात. कथा गोड आहे. इतिहासाला तिचा फारसा उपयोग नाही. उपयोग आहे तो समाधीचा, कारण ती एका विशिष्ट दिवसाची साक्ष आहे.

२५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेला निजामशहाच्या दरबारात लखुजी जाधव, त्यांचे मुलगे अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची दगाबाजीने हत्या झाली. वडील, दोन भाऊ आणि भाचा असे चौघे एका दिवसात गेले. त्या वेळी जिजाबाई गर्भवती होत्या; पुढे सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला. बाळंतपणाला लेक माहेरी जाते ही रीत. जिजाबाईंचे हे बाळंतपण मात्र व्याह्यांच्या गडावर झाले. शिवनेरीचे किल्लेदार विश्वासराव हे त्यांच्या थोरल्या मुलाचे, संभाजीराजांचे सासरे. सिंदखेडचे उरलेले जाधव मोगलांच्या चाकरीत गेले आणि माहेरचे दार राजकीयदृष्ट्याही बंद झाले. घराण्याच्या परंपरेप्रमाणे अचलोजींचा पोरका मुलगा संताजी जिजाबाईंनी आपल्याजवळ वाढवला. माहेर तुटलेल्या बाईने माहेरचे एक मूल सासरी आणून ठेवले, एवढाच सिंदखेडशी धागा उरला.

परमुलखात रुजलेली, घर आणि देव यांना धरून राहिलेली आजी जगभर ओळखीची आहे. बायबलच्या नव्या करारात तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याची आजी लोईस हिच्या श्रद्धेचा मुद्दाम उल्लेख येतो. तीमथ्याचा बाप ग्रीक होता, आई यहुदी. मुलाकडे धर्म आला तो आजीकडून आईकडे आणि आईकडून त्याच्याकडे असा. १९२३ च्या लोझान करारानुसार ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल झाली, तेव्हा आशिया मायनरमधून उठलेल्या लाखो ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांनी देवाच्या तसबिरी बरोबर नेल्या. पुढे ग्रीक कुटुंबे अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात गेली तेव्हाही उपास, सण आणि चर्च सांभाळण्याचे काम बव्हंशी म्हाताऱ्या बायांकडे राहिले. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: मागे सोडलेल्या गावाचा देव नव्या गावात टिकवायचा.

मराठी बाईचे परमुलखात जाणे वेगळ्या जातीचे असते, कारण ते बहुतेक वेळा लग्नाने होते. भारताच्या जनगणनेतही स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण लग्न हेच दिसते. तिने देव बरोबर न्यायचा नसतो. सासरचा देव आपला करायचा असतो. सिंदखेड सोडलेल्या जिजाबाईंची भक्ती म्हणूनच जन्मगावाच्या देवांभोवती फिरताना दिसत नाही. ती भोसल्यांच्या कुळाचाराभोवती, तुळजाभवानीभोवती आणि शिखर शिंगणापूरच्या शंभूमहादेवाभोवती फिरते, आणि पुण्यात आल्यावर पुण्याच्या ग्रामदेवतांभोवती. ग्रीक आजीची श्रद्धा मागे पाहते, जिजाबाईंची पुढे पाहते. हा फरक महत्त्वाचा आहे. धार्मिक बाई म्हटली की जुने जपणारी बाई असे गृहीत धरले जाते, पण जिजाबाईंच्या हातून झालेले पहिले मोठे धर्मकार्य हे वसाहतीचे काम होते.

आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे जाळून, गाढवांचा नांगर फिरवून उजाड केले होते. त्यातच १६३० ते १६३२ च्या दुष्काळाने दख्खनची धूळधाण केली. अशा पुण्यात जिजाबाई मुलाला घेऊन आल्या, लाल महाल उभा राहिला आणि कसबा गणपतीचे देऊळ बांधले गेले. सोन्याच्या फाळाने नांगर धरल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्या तपशिलावर वाद घालण्यापेक्षा देवळाचा व्यवहार पाहणे अधिक उपयोगी. देऊळ उभे राहिले म्हणजे पुजारी आला, त्याला इनाम आले, दिवाबत्तीचे तेल आले, वर्षाचा उत्सव आला. पळून गेलेल्या कुळांना आणि पाटील-कुळकर्ण्यांना त्यातून कळते की जहागिरीचा धनी इथे राहायला आला आहे, वसूल घेऊन निघून जायला आलेला नाही. सारामाफीचा कौल कागदावर असतो. देवाची रोजची पूजा डोळ्यांना दिसते. श्रद्धा खरी होती यात शंका घेण्याचे कारण नाही. ती खरी होती म्हणूनच लोकांनी तिच्यावर विसंबून घरे बांधली.

शहाजीराजांचा मुक्काम कर्नाटकात, बेंगळूरकडे. तिथे तुकाबाई आणि व्यंकोजी यांचा दुसरा संसार. पुण्याच्या बाजूचा संसार आणि कारभार जिजाबाईंचा. १६५५ च्या सुमारास थोरला मुलगा संभाजीराजे कनकगिरीच्या वेढ्यात मारला गेला. त्याला अफजलखानाचा दगा कारणीभूत होता असे मानले जाते. दोन-तीन वर्षांनी, १४ मे १६५७ रोजी, पुरंदरावर शिवाजीराजांना मुलगा झाला आणि त्याला गेलेल्या काकाचेच नाव मिळाले. आजी तेव्हा एकोणसाठ वर्षांची होती. सईबाईंना दूध कमी म्हणून कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या धाराऊ दूधआई म्हणून आल्या. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाईंचे निधन झाले. शंभूराजे सव्वादोन वर्षांचे होते.

याच्या पुढचे दोन महिने जवळून पाहण्यासारखे आहेत. अफजलखान वाईला तळ देऊन बसला होता. थोरला मुलगा ज्याच्यामुळे गेला असे घरात मानले जाई, त्याच माणसाला भेटायला धाकटा मुलगा निघालेला. राजगडावर आईविना लेकरू आणि त्याच्या तीन बहिणी, सखूबाई, राणूबाई, अंबिकाबाई. १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली काही विपरीत घडले असते तर राज्याचा वारस अडीच वर्षांचा आणि त्याचा सांभाळ करणारी बासष्टीला आलेली आजी, अशी स्थिती होती. शिवचरित्रात हा प्रसंग वाघनखांचा असतो. राज्याच्या बाजूने पाहिले तर राजगडावरची ती दोन माणसे तितकीच निर्णायक होती. राजा मेला तरी राज्य कोणाच्या नावाने चालवायचे आणि कोणी चालवायचे, याचे उत्तर त्या गडावर होते. भोवतालच्या सल्तनतींत अशी वेळ आली की वजीर आणि सरदार अल्पवयीन वारसाला हाती धरून एकमेकांचे गळे कापत. निजामशाही तर याच रीतीने बुडाली होती आणि जिजाबाईंच्या माहेरच्या चौघांचा बळी त्याच बुडीत गेला होता. घर एकत्र ठेवणे म्हणजे काय, हे त्यांना कुठल्या ग्रंथातून शिकावे लागले नसावे.

पुढच्या वर्षी शिवाजीराजे पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतात असे वर्णन आहे की जिजाबाई स्वतःच फौज घेऊन मुलाला सोडवायला निघण्यास सिद्ध झाल्या आणि नेताजी पालकरांनी त्यांना थांबवले. शिवभारत हे राजाश्रयाने लिहिलेले काव्य आहे, त्यामुळे रंग थोडा गडद असणार. पण शिवाजीराजांच्या हयातीतच, त्यांच्या माणसांना वाचून दाखवायच्या काव्यात बासष्ट वर्षांच्या आईचे असे रूप रंगवता आले, याचा अर्थ ते ऐकणाऱ्यांना अशक्य वाटत नव्हते.

२३ जानेवारी १६६४ रोजी कर्नाटकात होदिगेरेजवळ शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजे वारले. जिजाबाई सती जायला निघाल्या. सभासदाच्या बखरीप्रमाणे शिवाजीराजांनी आईच्या गळ्याला मिठी घातली, शपथ घातली आणि महत्प्रयासाने त्यांना मागे फिरवले. कुटुंब आणि धर्म या दोन निष्ठांची जोडी एरवी सहज जुळलेली दिसते; इथे त्या समोरासमोर आल्या. त्या काळच्या समजुतीने सहगमन हे पतिव्रतेचे परमपुण्य. ते सोडून जगायचे म्हणजे पुण्यावर पाणी सोडायचे. आजच्या वाचकाला हा निर्णय सोपा वाटतो, कारण सतीची चाल आपण टाकून दिली आहे. सतराव्या शतकातल्या श्रद्धाळू बाईला तो सोपा नव्हता. नातू पावणेसात वर्षांचा होता. त्यांनी घर निवडले आणि पुढची दहा वर्षे जगल्या. राज्याभिषेकापर्यंतचा सगळा अवघड रस्ता त्या दहा वर्षांत येतो. पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १६६५ रोजी, सूर्यग्रहणाच्या पर्वावर महाबळेश्वरला त्यांची सुवर्णतुला झाली आणि ते सोने दान करण्यात आले. त्याच दिवशी वृद्ध मुत्सद्दी सोनोपंत डबीर यांचीही तुला झाली. राजघराण्यातली एक विधवा आणि दरबारातला सर्वांत जुना जाणता, दोघांना एकाच पर्वावर मान मिळाला. जिजाबाईंकडे राज्य कोणत्या नजरेने पाहत होते ते यावरून कळते.

सहा महिन्यांत मिर्झाराजे जयसिंगाने पुरंदरचा तह लादला. तेवीस किल्ले गेले, बारा राहिले. तहाप्रमाणे पाच हजारांची मनसब आठ वर्षांच्या शंभूराजांच्या नावे झाली आणि त्यांना ओलीस म्हणून मोगल छावणीत राहावे लागले. मार्च १६६६ मध्ये शिवाजीराजे आग्र्याला निघाले तेव्हा मुलालाही घेऊन गेले. राज्य मागे जिजाबाईंच्या स्वाधीन होते, मदतीला मोरोपंत पिंगळे आणि इतर कारभारी. मुलगा आणि नातू दोघेही औरंगजेबाच्या कैदेत असताना अडुसष्ट वर्षांच्या बाईने राज्य मोडू दिले नाही. उलट याच काळात रांगणा किल्ला आदिलशाहीकडून घेतला गेला. ऑगस्टमध्ये सुटका झाल्यावर शंभूराजांना मथुरेत मोरोपंतांच्या मेहुण्यांकडे ठेवून शिवाजीराजे एकटे परतले. पाठलाग थांबावा म्हणून शंभूराजे वाटेतच वारल्याची हूल उठवण्यात आली आणि उत्तरक्रियाही उरकण्यात आल्या असे सांगतात. काही काळाने मूल सुखरूप राजगडावर पोचले. जिजाबाईंच्या आजीपणाची सगळ्यात कठीण परीक्षा हीच असावी, आणि तिच्याविषयी बखरकार जवळजवळ काहीच बोलत नाहीत. पेटाऱ्यांचे वर्णन मात्र भरपूर सापडते.

कारभार फक्त आग्र्याच्या वेळेपुरता नव्हता. वतनाचे तंटे, पाटीलकीचे वाद, देवस्थानांची इनामे यांत जिजाबाईंनी घातलेले हुकूम आणि निवाडे कागदपत्रांत आढळतात. त्यांचा शिक्का फारसी होता आणि त्यात त्यांची ओळख राजा शिवाजीची वालिदा अशी दिली आहे. इतक्या निष्ठावंत हिंदू बाईचा शिक्का फारसीत कसा, असे आज कोणाला वाटेल. दरबारी कागदाची ती रूढ भाषा होती, आणि त्यांच्या धर्मनिष्ठेला तिच्याशी भांडण करण्याची गरज वाटली नाही. श्रद्धा आणि कारभार यांचे असे शेजारपण अलीकडच्या चर्चांत फारसे पेलले जात नाही.

सखूबाईचे लग्न या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. सईबाईंचे भाऊ, फलटणचे बजाजी नाईक निंबाळकर विजापूर दरबारी मुसलमान झाले होते. त्यांना पुन्हा स्वधर्मात घेण्यामागे जिजाबाईंचा आग्रह होता अशी परंपरा आहे. शुद्धीचा विधी भट-भिक्षुकांनी करता येतो, पण पंक्तीला कोण बसवणार आणि मुलगी कोण देणार, हा खरा प्रश्न असतो. भोसल्यांनी सखूबाई बजाजींच्या मुलाला, महादजींना दिली आणि प्रश्न संपला. परंपरेतला जिजाबाईंचा नेमका वाटा कितीही कमी-जास्त धरला, तरी हे लग्न झाले हे निश्चित, आणि त्या घरात नातीची सोयरीक आजीला डावलून ठरणे शक्य नव्हते. धर्मातल्या पेचाचा निकाल इथे सोयरिकीने लागला. धर्मशास्त्र जिथे अडते तिथे घरातली वडीलधारी बाई मार्ग काढते, हे मराठी घरांत आजही घडते.

या मांडणीवर एक आक्षेप घेता येईल. आजीचे प्रेम आणि राजकारण यांची अशी सांगड घालणे म्हणजे साध्या मायेला धोरणाचा मुलामा देणे नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. पोरक्या नातवाला जवळ घेताना कोणी राज्याचा हिशेब मांडत नाही. पण राजघराण्यात माया आणि धोरण यांना वेगळ्या खोल्या नसतात. शंभूराजे पुढे संस्कृतात बुधभूषण हा ग्रंथ रचण्याइतके शिकले, ते पंडितांमुळे. पण आठ राण्यांच्या घरात आईविना मूल वारस म्हणून निर्धोक वाढले, ते कोणाच्या धाकामुळे, हे ओळखायला कागद लागत नाही. आजी गेल्यावर चार वर्षांनी, डिसेंबर १६७८ मध्ये, शंभूराजे दिलेरखानाकडे निघून गेले. जिजाबाई असत्या तर हे घडले नसते असे पुष्कळांनी लिहिले आहे. विधान मोहक आहे आणि सिद्ध करता येण्याजोगे नाही. वारसाचा वाद आणि सोयराबाईंशी बेबनाव ही कारणे कोणाही आजीच्या आवाक्याबाहेर गेली असती. एवढेच खात्रीने म्हणता येते की त्यांच्या हयातीत हा वाद घराच्या उंबरठ्याबाहेर पडलेला दिसत नाही.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. गडावरचा गार वारा वृद्धापकाळी सोसवेना म्हणून पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधलेला होता. अकरा दिवसांनी तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या मृत्यूचाही धर्माच्या वादात उपयोग झाला. निश्चलपुरी गोसाव्यांनी गागाभट्टांच्या विधीत दोष राहिल्याचे सांगताना जी अशुभ लक्षणे मोजली त्यांत राजमातेचा मृत्यू होता, आणि २४ सप्टेंबर १६७४ रोजी तांत्रिक पद्धतीने दुसरा राज्याभिषेक करण्यात आला. शहात्तराव्या वर्षी, मुलाला सिंहासनावर पाहून आलेले मरण अपशकुनात जमा व्हावे, हे नवलच.

सिंदखेडचा धागा मात्र पुढे चालला. अचलोजींच्या ज्या मुलाला जिजाबाईंनी आश्रय दिला असे घराणे सांगते, त्याच शाखेत धनाजी जाधव झाले. शंभूराजांची ११ मार्च १६८९ रोजी क्रूर हत्या झाल्यावर औरंगजेबाशी झुंज देणाऱ्या सेनानींत ते अग्रणी होते आणि पुढे मराठ्यांचे सेनापती झाले. सिंदखेडला दर वर्षी १२ जानेवारीला लाखोंची गर्दी लोटते; त्या गर्दीत नातवंडांचे बोट धरून आलेल्या वऱ्हाडातल्या आणि मराठवाड्यातल्या बाया मोठ्या संख्येने असतात, आणि वाड्याच्या दरवाज्यात डोके टेकवल्याशिवाय त्या परतत नाहीत.

शिवकालाविषयी सर्वांत विश्वसनीय मानली जाणारी बखर सभासदाची. कृष्णाजी अनंत सभासदाने ती सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जिंजीला लिहिली आणि लिहवून घेतली ती राजारामांनी, म्हणजे जिजाबाईंच्या धाकट्या नातवाने. आजी गेली तेव्हा राजाराम चार वर्षांचे होते. सहगमनापासून परतलेली आणि आग्र्याच्या वेळी राज्य सांभाळणारी जिजाबाई त्या बखरीत भेटते. सभासद शिवाजीराजांच्या दरबारातला माणूस होता. त्याच्या पिढीने जिजाबाई पाहिल्या त्या उतारवयातल्या. बाळ शिवबाला मांडीवर घेतलेली तरुण आई त्यांच्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. तिची चित्रे पुढच्या लेखकांनी आणि चित्रकारांनी भरली. पाहणाऱ्यांनी नोंदवून ठेवली ती आजी.